ऱ्ह साठी कोड पाठ करायचा की कीबोर्डच बदलायचा?

बोरीकाठ, अमळनेर
अहिराणी कवितांचं हस्तलिखित वर्डमध्ये उतरवतोय. ‘करी ऱ्हायना’ दर दोन ओळींना येतं आणि माझ्या फोनेटिक कीबोर्डवर प्रत्येक वेळी ‘र्हायना’ उमटतं, रफार ह च्या डोक्यावर. शेवटी उपाय सापडला. इंग्रजी अंकांत ०९३१ हा ऱ चा युनिकोड क्रमांक टाइप करून लगेच ऑल्ट-एक्स दाबायचं, ऱ हजर. पुढे हलन्त आणि ह. हा कोड प्रत्येक मराठी टायपिस्टला पाठ हवाच, असं माझं ठाम मत आहे.

तापीतीर
दादा, मला नाही पटत. इनस्क्रिप्ट नावाच्या मराठी कीबोर्डवर शिफ्ट-जे, डी, यू दाबा, ऱ्ह तयार. तुम्ही त्यासाठी इंग्रजीत जाता, चार आकडे मारता, परत मराठीत येता. आणि ब्राउझरमध्ये मेल लिहिताना ऑल्ट-एक्स चालत नाही, तिथे काय करणार? मी पंधरा दिवस रोज तासभर बसून इनस्क्रिप्ट शिकले.

केळीबाग_रावेर
एवढा खटाटोप कशाला? सगळं टाइप करून शेवटी रिप्लेस ऑल मारायचं, र्ह च्या जागी ऱ्ह.

बोरीकाठ, अमळनेर
भाऊ, हे चुकूनही करू नका! मी एका संस्थेच्या भरतीच्या जाहिरातीत केलं होतं. ‘शैक्षणिक अर्हता’ची ‘अऱ्हता’ झाली आणि तशीच छापून आली. र्य चं तर त्याहून वाईट. ‘आचार्यांना मानधन’ आणि ‘आचाऱ्यांना मानधन’ यांत पैसे घेणारा माणूसच बदलतो. हा फरक मशीनला कळत नाही, टाइप करणाऱ्यालाच कळावा लागतो.

शिरपूरकर
मधला मार्ग आहे. इन्सर्ट, सिम्बॉल, मोर सिम्बॉल्स. तिथे ऱ निवडून शॉर्टकट की नेमा. फक्त कंट्रोल-ऑल्ट-आर देऊ नका, वर्डमध्ये त्यावर आधीच ® असतं.

तापीतीर
सर, ती नेमणूक तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. छापखान्यात बसून शेवटचं प्रूफ दुरुस्त करायचं झालं की पुन्हा हात रिकामे.

बोरीकाठ, अमळनेर
ताई, काल रात्री शिफ्ट-जे वर तीन कविता केल्या. हात अडखळतो, पण भाषा बदलावी लागत नाही, हे मान्य. तरी ०९३१ मी सोडणार नाही. दुसऱ्या कवींच्या फायलींत ऱ्ह दोन जातींचा येतो, एक खऱ्या ऱ चा, दुसरा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून केलेला. दिसायला अगदी सारखे, फरक फक्त कोडमध्ये, म्हणून एक शोधला की दुसरा सापडत नाही. मग शब्दसूची अर्धीच निघते. अहिराणीच्या पुस्तकात ‘ऱ्हायना’च निसटला तर सूची करायचीच कशाला?