मदत हवी आहे: आम्लात टिकणारा ई. कोलाय बनवतोय, पण निकालांचा मेळ बसत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही पदवीचे सहा विद्यार्थी मिळून आयजेम या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेसाठी सिंथेटिक बायॉलॉजीचा (जंतूंत जनुकं घालून नवे गुण आणण्याचा) प्रकल्प करतोय. मी वेट लॅब (प्रत्यक्ष प्रयोगांची बाजू) सांभाळते. मार्गदर्शक आहेत, पण त्यांचा विषय वनस्पतींचा; बॅक्टेरियांचं आमचं आम्हीच निस्तरायचं असं ठरलंय. गेले तीन आठवडे एकाच जागी अडकलोय म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी.

कल्पना अशी. किण्वनाने लॅक्टिक आम्ल बनवताना टाकीतला पीएच घसरत जातो आणि आम्ल बनवणारे जंतू स्वतःच्याच मालात गुदमरतात. म्हणून चुना घालून पीएच वर धरावा लागतो. त्यामुळे हाती येतं ते कॅल्शियम लॅक्टेट. त्यातून आम्ल सोडवायला सल्फ्युरिक आम्ल घालायचं, आणि मग टनभर लॅक्टिक आम्लामागे साधारण टनभर जिप्सम गळ्यात पडतं. जंतूच आम्लात तगला तर चुनाही नको आणि जिप्समही नको.

रचना साधी आहे. स्ट्रेन (जंतूचा वाण) एमजी१६५५, म्हणजे ई. कोलायच्या के-१२ घराण्यातला. प्लाझ्मिडवर (पेशीत वेगळी घातलेली डीएनएची छोटी कडी) गॅडबी आणि गॅडसी ही दोन जनुकं, अरॅबिनोज या साखरेने चालू होणाऱ्या प्रमोटरखाली (जनुकाचं बटण). गॅडबी ग्लुटामेट या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून गाबा नावाचा रेणू बनवतं आणि त्यात पेशीतला एक प्रोटॉन (आम्लपणा आणणारा कण) खर्ची पडतो. गॅडसी तो गाबा बाहेर टाकून नवा ग्लुटामेट आत घेतं. होडीत शिरलेलं पाणी उपसत राहावं तसं. शिवाय पेशीला आम्ल जाणवलं की कळावं म्हणून दुसऱ्या प्लाझ्मिडवर आम्लात चालू होणाऱ्या एएसआर प्रमोटरपुढे सुपरफोल्डर जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) लावलंय.

आता गोंधळ.

हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ५ केला की पेशी छान हिरव्या चमकतात. लॅक्टिक आम्लाने पीएच ४ केला की १५ मिनिटांत काळोख. ओडी (द्रवाचा गढूळपणा, त्यावरून पेशींचा अंदाज) मात्र जागचा हलत नाही. आम्हाला वाटलं प्रमोटरच बंद पडतोय.

हायड्रोक्लोरिक आम्लात पीएच २.५ ला दोन तास ठेवून प्लेटवर कॉलनी मोजल्या. माध्यमात १.५ मिलिमोलर ग्लुटामेट होतं. आमची जनुकं असलेला स्ट्रेन आणि रिकामं प्लाझ्मिड असलेला कंट्रोल (तुलनेसाठीचा), दोन्हीकडे जवळपास सारख्याच कॉलनी. मग आम्ही घातलेल्या जनुकांनी केलं काय?

पीएच ४.५ च्या एलबीत (जंतू वाढवायचं नेहमीचं माध्यम; पीएच स्थिर ठेवायला एमईएस बफर घालून) रात्रभर वाढवलं तर आमचा स्ट्रेन लवकर वर आला, कंट्रोल मागाहून. हा एकच निकाल आम्हाला आवडलाय. पण लॅक्टिक आम्लात पीएच ४ ला दोघेही ढिम्म.

आणि शेवटचं, थोडं लाजिरवाणं: पीएच ४.५ च्या अगार प्लेट्स गोठतच नाहीत. दोनदा ओतल्या, दोन्ही वेळा लापशी. जाणकारांनी प्लीज मार्ग दाखवा.

प्रतिसाद १

पीएच २.५ च्या प्रयोगाला पेशी कुठल्या अवस्थेतल्या घेतल्या? रात्रभर वाढवलेल्या असतील तर निकाल बरोबरच आहे. वाढ थांबलेल्या पेशीत आरपीओएस (अशा वेळी जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं होतं आणि ई. कोलाय स्वतःचीच गॅड यंत्रणा चालू करून बसतो. म्हणजे तुमच्या कंट्रोलकडेही तेच हत्यार आहे, शिवाय फुकटात.

पीएच ७ ला वाढत्या अवस्थेतल्या, ओडी ०.४ च्या आसपासच्या पेशी घ्या. त्या अशा आम्लात पटापट मरतात, म्हणून फरक दिसला तर तिथे दिसेल. आणि ओडीवर विसंबू नका, मेलेली पेशीही पाणी गढूळ करतेच.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद अचूक आहे, त्यात भर घालतो. मूळ जनुकच काढलेला स्ट्रेन घ्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या केओ संग्रहात ई. कोलायची ३,९८५ जनुकं एकेक करून काढलेली आहेत. त्यातला गॅडसी नसलेला घ्या. फक्त गॅडबी काढून उपयोग नाही, कारण गॅडए तेच काम करतं. गॅडसी मात्र एकच आहे. त्या स्ट्रेनमध्ये तुमचं प्लाझ्मिड घातल्यावर जीव वाचला तर श्रेय निर्विवाद तुमचं. दोन गोष्टी सांभाळा. केओ स्ट्रेनमध्ये जनुकाच्या जागी कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या प्रतिरोधाचं कॅसेट (डीएनएचा तुकडा) असतं, तेव्हा प्लाझ्मिडची प्रतिरोधाची खूण कॅनामायसिनची नको. आणि एक फायदा पदरात पडेल: एमजी१६५५ अरॅबिनोज खाऊन टाकतो, त्यामुळे तुमचं इंडक्शन (जनुकं चालू करणं) हळूहळू विरत असणार. केओचा मूळ स्ट्रेन बीडब्ल्यू२५११३ अरॅबिनोज पचवू शकत नाही. माध्यमात ग्लुकोज असेल तर तेही काढा किंवा आधी इंडक्शन उरकून घ्या, ग्लुकोज असताना तो प्रमोटर दबून राहतो.

आता काळोखाबद्दल. जीएफपी चिवट प्रथिन आहे. प्रमोटर अगदी त्या क्षणी बंद पडला तरी आधी बनलेलं जीएफपी १५ मिनिटांत कुठे जाणार? ते तिथेच आहे, फक्त चमकत नाहीये. जीएफपीचा रंगकण स्वतःच पीएचला हळवा असतो. नेहमीच्या ईजीएफपीची चमक पीएच ६ च्या सुमारास निम्म्यावर येते, सुपरफोल्डरही फार वेगळं नाही. म्हणजे तुमची पेशी आतून आम्लधर्मी झाली आणि दिवा विझला.

खात्री करणं सोपं आहे. काळोख झालेल्या पेशी खाली बसवा आणि पीएच ७.४ च्या बफरमध्ये परत घ्या. सोबत क्लोरॅम्फेनिकॉल घाला, म्हणजे नवीन प्रथिन बनणार नाही (तुमच्या प्लाझ्मिडवर त्याचाच प्रतिरोध नसेल तर). चमक परत आली तर प्रमोटर निर्दोष. पुढच्या बांधणीत एमचेरी (लाल चमकणारं प्रथिन) वापरा, ते ४.५ च्या खालीच मंदावतं. पण आहे तेही फेकू नका, नकळत तुम्ही पेशीच्या आतला पीएच मोजणारं यंत्र बनवलंय!

हायड्रोक्लोरिकला ५ वर आत काही होत नाही आणि लॅक्टिकला ४ वर आत आम्ल शिरतं, याचं कारण नुसता आकडा नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण सुटं होतं आणि सुटा प्रोटॉन पेशीपटलातून सहज जात नाही. लॅक्टिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू फुटलेले असतात तो) ३.८६. म्हणजे पीएच ५ ला त्याचे सुमारे ७ टक्के रेणू अखंड असतात, पीएच ४ ला सुमारे ४२ टक्के. अखंड रेणूवर भार नसतो, तो पटलातून आरामात आत शिरतो आणि आतल्या ७.५ च्या पीएचमध्ये फुटतो. प्रोटॉन आत सांडतो, लॅक्टेटही आतच अडकतं. गॅड यंत्रणा प्रोटॉन खाईल. लॅक्टेटचं काय करणार?

याहून मूलभूत अडचण आहे, आणि ती तुम्ही प्रकल्पाच्या वर्णनातच ओढवून घेतलीय. गॅडबी आतला पीएच घसरला तरच नीट काम करतं. उदासीन पीएचला त्याच्या शेपटाकडचं हिस्टिडिन ४६५ (४६५ व्या जागचं अमिनो आम्ल) सक्रिय जागा अडवून बसतं. गॅडसीसुद्धा उदासीन पीएचला दार लावून घेतं. पेशी पीएच २.५ ला असते तेव्हा आत ४ च्या वर काहीतरी धरून राहते, वाढत नाही, नुसती वाट बघते. ही यंत्रणा त्या वाट बघण्यासाठी आहे. वाढणारी पेशी आतला पीएच ७.५ च्या आसपास राखते, तिथे तुमचं गॅडबी जवळजवळ रिकामं बसतं. तुम्हाला टाकीत वाढणारा, आम्ल बनवणारा जंतू हवाय आणि तुम्ही उपाशी राहून दिवस काढणाऱ्याची जनुकं घेतलीत. आधी ठरवा: जगायचंय की वाढायचंय?

प्रतिसाद ३

लापशीचं उत्तर माझ्याकडे आहे, तीच चूक करून बसलेय. आम्लधर्मी माध्यमात अगार ऑटोक्लेव्ह केला की उष्णतेने त्याच्या साखळ्या तुटतात, मग तो गोठत नाही. दुप्पट तीव्रतेचा अगार साध्या पाण्यात वेगळा ऑटोक्लेव्ह करा, दुप्पट तीव्रतेचं माध्यम वेगळं. दोन्ही ५५ अंशांच्या आसपास आले की मिसळून लगेच ओता. मिसळल्यावर थोडासा नमुना काढून पीएच मोजा, बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि खरं तर या प्लेट्स लागतातच कशाला? आम्लातून काढलेल्या पेशी साध्या पीएच ७ च्या प्लेटवर मोजतात.

एमईएसचा पीकेए ६.१. पीएच ४.५ ला त्याच्यात बफर करण्याची ताकदच उरलेली नसते. तिथे होमोपाइप्स नावाचं बफर वापरतात, त्याचा पीकेए ४.५ च्या आसपास आहे. अ‍ॅसिटेट बफर चुकूनही नको, ते स्वतःच तसलंच घुसखोर आम्ल आहे. तुमच्या त्या आवडत्या निकालात सकाळी पीएच किती भरला होता? मोजला होता का?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २ तीनदा वाचला, मग टीमला वाचून दाखवला, मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

@प्रतिसाद ३: मोजला नव्हता. काल रात्री पुन्हा लावलं आणि आज सकाळी मोजला. ४.५ ने सुरुवात, सकाळी आमच्या स्ट्रेनमध्ये ६.८. 😐 कंट्रोलमध्ये ६.१. म्हणजे आमचा जंतू आम्लात वाढलाच नाही, त्याने आम्लच घालवलं?

प्रतिसाद ३

अगदी तसंच. एलबीत साखर नावापुरती, पेशी अमिनो आम्लंच खातात आणि माध्यम अल्कधर्मी होत जातं. त्यात ग्लुटामेट फोडून प्रोटॉन गिळणारं एन्झाइम तुम्ही वरून घातलंत. निकाल खोटा नाही, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. आणखी एक: पीएच ४ करायला लॅक्टिक आम्ल किती लागलं ते कुठेच लिहिलेलं नाही. माध्यमाच्या बफरनुसार तो आकडा कितीही असू शकतो. आधी एकूण लॅक्टेट पक्कं करा, मग पीएच वेगळा लावा. त्याच तीव्रतेचं सोडियम लॅक्टेट पीएच ७ ला, हा कंट्रोल हवाच. नाहीतर आम्लाने मारलं की खारटपणाने, कळणार नाही.

प्रतिसाद ४

तांत्रिक भाग चांगला चाललाय, म्हणून कुणी विचारत नाहीये ते मी विचारते. सेफ्टी फॉर्ममध्ये काय लिहिलंत?

जठरातलं आम्ल ही आपल्या शरीराची पहिली चाळणी. ओ१५७:एच७ सारख्या रोगकारक ई. कोलायच्या शंभराहून कमी पेशीही माणसाला आजारी पाडू शकतात, त्यामागे त्यांची आम्लसहनशीलता हे एक महत्त्वाचं कारण मानतात. तुमचा के-१२ निरुपद्रवी आहे आणि ही जनुकं त्याच्याकडे मुळातच होती, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. पण प्रतिजैविकाचा प्रतिरोध असलेलं प्लाझ्मिड आणि चाळणी ओलांडायची वाढीव क्षमता एकाच पेशीत आहे, हे समितीपुढे स्वतःहून मांडा. परीक्षकाने विचारल्यावर आठवलं तर फार वाईट दिसतं. आणि उरलेलं कल्चर 'आम्लात मेलंच असेल' म्हणून सिंकमध्ये ओतू नका. मेलं नसेल, तोच तर तुमचा प्रकल्प आहे. ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

प्रतिसाद ५

ई. कोलायच का पण? यीस्ट पीएच ४ ला मजेत वाढतं, त्याला लॅक्टेट डिहायड्रोजनेज (लॅक्टिक आम्ल बनवणारं एन्झाइम) द्या की. मूळचे आम्लप्रेमीही आहेत, पिक्रोफिलस टॉरिडस तर ०.७ पीएचला आनंदात असतो. अर्थात त्याला ६० अंश तापमान लागतं आणि त्याच्यात जनुक घालायची साधनं नाहीत म्हणा. तो विनोद समजा, यीस्टचा नाही.

धागाकर्ती

पाच दिवसांनी अपडेट.

पीएच ७.४ मध्ये घेताच चमक परत आली, क्लोरॅम्फेनिकॉल असूनही. म्हणजे एएसआर प्रमोटरला आम्ही तीन आठवडे उगाच शिव्या घालत होतो. एमचेरीची बांधणी सुरू केलीय. अगार गोठला.

वाढत्या अवस्थेतल्या पेशींवर पीएच २.५ चा प्रयोग तीन वेगवेगळ्या कॉलन्यांपासून केला. रिकाम्या प्लाझ्मिडच्या प्लेटवर जवळजवळ काही नाही, अरॅबिनोज दिलेल्या आमच्या स्ट्रेनच्या प्लेटवर मोजता येतील इतक्या कॉलनी. पहिल्यांदा खराखुरा फरक दिसला. गॅडसी काढलेला स्ट्रेन मागवलाय.

'जगायचं की वाढायचं' यावर टीममध्ये दोन तट पडलेत. तिघांचं म्हणणं, विकी फ्रीझ (स्पर्धेच्या संकेतस्थळावरचा मजकूर बदलायची शेवटची मुदत) तोंडावर आलाय, 'जगणं' एवढंच ध्येय ठेवावं आणि ते नीट सिद्ध करावं. यीस्ट यंदा जमणार नाही. मी आणि आणखी दोघं लायसिन या अमिनो आम्लावर असंच काम करणाऱ्या कॅडए-कॅडबी जनुकांचा विचार करतोय, कारण ते ५.५ च्या आसपास काम करतं असं वाचलं. पण लॅक्टेट आत साचण्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, हे कळतंय. सेफ्टी फॉर्म नव्याने लिहिला, प्रतिसाद ४ चे खास आभार.

एक नवीन प्रश्न: पेशीच्या आत साचलेलं लॅक्टेट मोजायचं असेल तर पेशी धुताना ते बाहेर गळून जाणार नाही अशी काही पद्धत आहे का? आमच्याकडे एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे, पण पेशी माध्यमातून झटकन वेगळ्या कशा करायच्या तिथेच गाडी अडलीय.