मदत हवी आहे: सांगली-मिरजेत सिस्टरांच्या फेऱ्या कशा लावायच्या?

नमस्कार मंडळी. आम्ही पाच सिस्टर घरी जाऊन रुग्णसेवा देतो. वाटणी मी वहीत लावते. बऱ्याच जणांना इन्सुलिन जेवणाआधीच द्यायचं असतं, म्हणून सकाळी सगळ्यांचीच ओढाताण होते. रुग्ण सारखे वाटले तरी काम सारखं होत नाही: इंजेक्शन दहा मिनिटांचं, पण बेडसोअरचं (पडून राहून झालेल्या जखमांचं) ड्रेसिंग, कूस बदलणं, कॅथेटर (लघवीची नळी) बघणं यात तास जातो. परवा एक सिस्टर हरिपूरहून कुपवाडला आणि तिथून पार सांगलवाडीला गेली. आयर्विन पुलापाशी तिला तीन वाजले, डबा तसाच. फार वाईट वाटलं मला. भाग ठरवून द्यावेत, तर मिरजेच्या आजींना रोजचीच सिस्टर लागते, आणि त्यांचं बरोबरच आहे. मिनिटांच्या हिशेबाने वाटणी कुणी केली आहे का? कुणी अचानक रजेवर गेलं तर काय करता?