वंशावळ सर्वांच्या दुरुस्तीला खुली ठेवावी का?

धागालेखक :
घराण्याच्या कागदांवर वीस वर्षे घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की वंशावळ छापील कुलवृत्तान्तात बंद करण्यापेक्षा सर्व भाऊबंदांना भर घालता येईल अशा सामायिक वंशवृक्षावर ठेवावी. कुलवृत्तान्तातील चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे बहुधा कायमची, राहते. शिवाय पुरावे विखुरलेले असतात : इनामाचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात, यात्रेला गेलेल्यांच्या नोंदी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, जन्ममृत्यू तहसीलच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना १४ मध्ये आणि उरलेले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) कुणा चुलत्याच्या माळ्यावर. आमच्या बडोद्याच्या शाखेचा दुवा, तिथल्या एका मुलीने आजोबांच्या वहीचे छायाचित्र टाकले, तेव्हा एका संध्याकाळी लागला.

मोडीवाचक :
असहमत. भर कोण घालतो, हा खरा प्रश्न आहे. मोडी कागदावरचा सन सुहूर (मराठेशाहीच्या कागदांतली अरबी कालगणना) असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, फसली (महसुलासाठीची पीकहंगामी कालगणना) असेल तर ५९० किंवा ५९१. ही निवड चुकली की नऊ वर्षांचा घोळ होतो आणि आईच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा वंशवृक्षावर सुखाने नांदू लागतो. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. ‘बाळाजी बिन मल्हारजी’, म्हणजे मल्हारजीचा मुलगा बाळाजी, दोन पिढ्यांनी पुन्हा भेटतो, तेव्हा उत्साही मंडळी दोघांचा एकच माणूस करतात, तीस जण ते उतरवून घेतात आणि मग ‘तीस ठिकाणी तसेच आहे’ हाच पुरावा ठरतो. छापील चूक निदान कोणाची आहे, हे मुखपृष्ठावरून कळते.

माहेरवाशीण :
मोडीवाचकांचे सन मान्य, निष्कर्ष अमान्य. जुन्या वंशावळींत पुरुषांखाली पुरुष लिहिलेले असतात. मुलगी असलीच तर ‘कन्या १’ एवढ्यावर तिची बोळवण होते. लग्नात नावही बदलल्यामुळे माझ्या पणजीचे अर्धे आयुष्य एका घराच्या कागदांत आणि अर्धे दुसऱ्या घराच्या कागदांत आहे. ‘द्वारका’ आणि ‘लक्ष्मीबाई’ ही एकच बाई, हे दोन्ही घरांनी कागद समोरासमोर ठेवल्याशिवाय कोणत्या तज्ज्ञाला कळणार होते? तज्ज्ञांच्या कपाटात ती आजही दोन बायकाच राहिली असती.

तालुक्याचा माणूस :
आपण सारे हौसेच्या अंगाने बोलत आहात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठा कुटुंबांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून गावोगावी वंशावळीला वेगळेच वजन आले आहे. जात पडताळणीत वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र महत्त्वाचा आधार ठरते. त्यामुळे ज्याच्या पणजोबांची नोंद सापडली, त्याच्या झाडाला फांदी जोडण्याचा मोह परक्यालाही होऊ शकतो. उघड्या वंशवृक्षावर त्याला सगळी नावे आयतीच मिळतात. पुरावा म्हणून मूळ कागदच लागतो हे खरे, पण गोष्ट रचायला नावे पुरतात.

धागालेखक :
हा धोका मी गृहीत धरला नव्हता, हे कबूल करतो. तरीही उपाय कुलूप लावण्याचा नाही. प्रत्येक नावाशी मूळ कागदाचे छायाचित्र आणि वाचणाऱ्याचे नाव असावे. कागद नसेल तर ‘ऐकीव’ असा स्पष्ट शेरा असावा. ऐकीव माहिती गाळू मात्र नये, कारण बायकांविषयीची बहुतेक माहिती ऐकीवच आहे.

माहेरवाशीण :
शेवटचे वाक्य माझ्या सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी लगेच तीन नावे सांगितली.

मोडीवाचक :
मूळ सन जसा कागदावर आहे तसा लिहिल्याशिवाय, आणि तो सुहूर की फसली हे नोंदवल्याशिवाय कोणतेही इसवी वर्ष स्वीकारायचे नाही, एवढी अट मान्य असेल तर माझ्याकडच्या अठरा कागदांचे लिप्यंतर मी देईन. हयात माणसांची नावे मात्र माझ्याकडून मिळणार नाहीत.