स्तोत्रांमधला ‘सेला’: मोठ्याने वाचायचा की नाही?

येत्या रविवारी मला बायबलमधलं ४६ वं स्तोत्र वाचून त्यावर दहा मिनिटं बोलायचं आहे. ३, ७ आणि ११ या ओव्यांच्या शेवटी ‘सेला’ हा हिब्रू शब्द आहे, तिथेच अडलोय. हिब्रूची फक्त अक्षरओळख आहे, त्यामुळे व्याकरणातलं सोपं करून सांगा.

आतापर्यंत हाती लागलेलं: हा शब्द स्तोत्रसंहितेत ७१ वेळा आणि हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायात ३ वेळा येतो. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘दियाप्साल्मा’ आहे, म्हणजे वाद्यांचा मधला तुकडा असावा. तार्गुममध्ये (हिब्रू शास्त्राच्या जुन्या अरामी भाषांतरात) मात्र ‘सर्वकाळ’ असा अर्थ घेतलाय. कुणी ‘सालल’ म्हणजे उंचावणे या धातूपासून काढतात. ‘थांबा आणि मनन करा’ हे सगळीकडे ऐकतो, पण ३ ऱ्या स्तोत्राचा शेवटच ‘सेला’ने होतो. स्तोत्र संपल्यावर थांबा कशाला सांगायचं? (‘सेला म्हणजे खडक’ असं कृपया लिहू नका. तो शब्द वेगळा, त्याच्या शेवटी ‘अयिन’ हे हिब्रू अक्षर आहे, इथे ‘हे’ नावाचं अक्षर आहे.)

शब्दाचा अर्थ पक्का ठरलेला नाही, हे मान्य. माझी अडचण वाचनाची आहे. आमच्याकडे काहीजण तो गाळतात, काहीजण ओवीचाच भाग असल्यासारखा घाईने वाचून टाकतात. बेने इस्राएली मंडळींना (आपल्याकडच्या मराठी यहुद्यांना) खास विचारतो: यहुदी प्रार्थनेत तो ‘निरंतर’ या अर्थाने म्हटला जातो ना? मग सिनेगॉगमध्ये स्तोत्र म्हणताना तो मोठ्याने उच्चारतात का, आणि त्यानंतर थांबतात का?