केप्रो टू (१९८२) : आठांपैकी एक मेमरी चिप वेगळ्या बनावटीची, बदली चिप कशी ओळखावी?

एडिसनकर (न्यू जर्सी)

सर्वांस नमस्कार. न्यू जर्सीतील वॉल येथे भरणाऱ्या जुन्या संगणकांच्या मेळ्यातून मी या वर्षी एक केप्रो टू घेतला. कॅलिफोर्नियातील नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेला हा संगणक बारा किलोंच्या आसपास वजन असूनही पोर्टेबल म्हणवला जात असे. त्यात अडीच मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर आणि ६४ के मेमरी आहे. यंत्र सुरू होते, डिस्कवरून सीपी/एम ही कार्यप्रणाली व्यवस्थित चढते आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटे कोणतीही तक्रार नसते. त्यानंतर मात्र लिहिलेला मजकूर तसाच ठेवून मी चहा करायला गेलो आणि परत येऊन मागची पाने पुन्हा पडद्यावर आणली, की काही अक्षरे बदललेली दिसतात. मोठ्या लिपीतील सी च्या जागी जी, ए च्या जागी ई आणि एस च्या जागी डब्ल्यू येतो, तर शब्दांमधील मोकळ्या जागेत कोठे कोठे डॉलरचे चिन्ह उमटते. जो मजकूर पडद्यावर होता तसाच राहतो, त्यात मात्र एकही अक्षर बदलत नाही.

आवरण उघडून पाहिल्यावर बोर्डावर सोळा पिनांच्या आठ मेमरी चिप दिसल्या. सात चिपांवर ‘एमबी ८२६४-१५’ असे छापलेले आहे. आठवीवर ‘टीएमएस ४१६४-१५’ असून तिच्या भोवती फ्लक्सचे (डाग देताना लावण्याच्या द्रव्याचे) पिवळे डाग आहेत, म्हणजे ती पूर्वीच्या मालकाने बदललेली असावी. या दोन्ही क्रमांकांची चिप एकच समजावी काय? विक्रेत्याकडे ४१२५६ आणि ४४६४ या चिपाही आहेत. त्यांपैकी एखादी चालेल काय?

जुने_सर्किट (पुणे)

आपण अक्षरांच्या जोड्या नोंदवल्यात, त्यामुळे निदान पुष्कळ सोपे झाले. आस्की संकेतांत, म्हणजे अक्षरांना दिलेल्या ठरावीक आकड्यांत, सी म्हणजे ६७ आणि जी म्हणजे ७१. ए ६५ आणि ई ६९. एस ८३ आणि डब्ल्यू ८७. मोकळी जागा ३२ आणि डॉलर ३६. प्रत्येक ठिकाणी फरक नेमका चारचा आहे. याचा अर्थ शून्यापासून मोजल्यास दोन क्रमांकाचा बिट शून्याचा एक होत आहे. या बोर्डावरील प्रत्येक चिप ६५,५३६ बाय १ अशा रचनेची असल्याने तिच्याकडे प्रत्येक बाइटचा एकच बिट असतो, आणि म्हणून दोष एकाच चिपेत असणार. पडद्यावर उभा असलेला मजकूर बदलत नाही, कारण तो व्हिडिओच्या वेगळ्या मेमरीत असतो. तिच्यावर संशय घेण्याचे कारण नाही.

दोन क्रमांकाच्या बिटाची चिप शोधण्यासाठी यंत्र बंद करून, विजेची वायर काढून, मल्टिमीटर सलगता तपासण्याच्या स्थितीत ठेवावा आणि झेड-८० च्या बाराव्या पिनेपासून कोणत्या मेमरी चिपेच्या दुसऱ्या पिनेपर्यंत जोड मिळतो ते पाहावे. मध्ये बफर (संकेत पुढे पोचवणारी चिप) असल्यास त्याच्या पलीकडून शोध घ्यावा. आतील पिक्चर ट्यूब बंद केल्यावरही विजेचा उच्च दाब धरून ठेवते, तेव्हा तिच्या मानेजवळ हात नेऊ नये. बोर्ड बाहेर काढण्यापूर्वी आठव्या आणि सोळाव्या पिनांमधील दाब पाच व्होल्ट आहे ना, एवढेही पाहून घ्यावे. या चिपेत पाच व्होल्ट आठव्या पिनेवर आणि ग्राउंड सोळाव्या पिनेवर असते. नेहमीच्या टीटीएल (साध्या तर्क-मंडलांच्या) चिपांच्या हे उलट असल्याने भल्याभल्यांची फसगत होते.

४४६४ चा विचार सोडावा. ती ६४ के बाय ४ रचनेची, अठरा पिनांची चिप आहे. ४१२५६ मात्र चालावी. तिची पहिली पिन हा जादा पत्ता-पिन असल्याने ती ग्राउंडला जोडली की बाकीची मांडणी ४१६४ सारखीच आहे.

लॅमिंग्टन_रोड (मुंबई)

वरील निदान मला मान्य आहे, पण ४१२५६ चा सल्ला या यंत्रापुरता मान्य नाही, आणि माझ्या मते आपल्या दुखण्याचे मूळही तेथेच आहे.

डायनॅमिक मेमरीतील प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरवरील भार. तो गळतो, म्हणून ठरावीक काळात प्रत्येक ओळ पुन्हा वाचून ताजी करावी लागते. ४१६४ वर्गात याबाबत दोन घराणी आहेत. फुजित्सूची ८२६४, हिताचीची ४८६४ यांसारख्या चिपांना दोन मिलिसेकंदांत १२८ ओळी ताज्या केल्या की पुरते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस ४१६४ ला मात्र चार मिलिसेकंदांत २५६ ओळी लागतात, आणि ४१२५६ लाही तेवढ्याच. झेड-८० स्वतः रिफ्रेशचा पत्ता पुरवतो, ही त्याची मोठी सोय, परंतु त्यासाठीचा त्याचा मोजक सातच बिटांचा असल्याने तो १२८ ओळींपलीकडे जात नाही. केप्रोत टीएमएस ४१६४ बसवली की तिच्या निम्म्या ओळी केवळ प्रोग्राम योगायोगाने त्यांना स्पर्श करील तेव्हाच ताज्या होतात.

मग यंत्र चालते तरी कसे? कारण थंड चिप कागदावरील मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वेळ भार धरते. ती तापली की गळती वाढते, आणि आपण चहाला गेलात की प्रोग्राम कळ दाबण्याची वाट पाहत एकाच लहानशा फेऱ्यात फिरत राहतो, त्यामुळे अनेक ओळींना कोणी शिवतही नाही. आपली वेळेची नोंद याच्याशी तंतोतंत जुळते. दोन क्रमांकाच्या बिटाचा माग त्या डाग पडलेल्या चिपेपाशीच संपेल, अशी माझी अटकळ आहे.

जुने_सर्किट (पुणे)

हा मुद्दा माझ्या ध्यानातून निसटला होता. ४१२५६ ची शिफारस मी मागे घेतो. मी ती आयबीएमच्या यंत्रांत वापरत आलो. तेथे रिफ्रेश डीएमएच्या (प्रोसेसरला वगळून थेट मेमरी हाताळणाऱ्या सोयीच्या) शून्य क्रमांकाच्या मार्गाने साधारण दर पंधरा मायक्रोसेकंदांनी होते आणि पत्ता सात बिटांवर थांबत नाही, त्यामुळे २५६ ओळी चार मिलिसेकंदांच्या आत पुऱ्या होतात.

लॅमिंग्टन_रोड (मुंबई)

खरेदीसाठी एवढे लक्षात ठेवावे. फुजित्सू ‘एमबी ८२६४’ मिळाल्यास उत्तम, नाहीतर हिताची ‘एचएम ४८६४’ घ्यावी. क्रमांकाच्या शेवटी १५ असल्यास चिप वाचण्यास लागणारा वेळ १५० नॅनोसेकंद, २० असल्यास २००. अडीच मेगाहर्ट्झला दोन्ही पुरतात. हिताचीवर मात्र २ म्हणजे १५० आणि ३ म्हणजे २०० असा संकेत आहे. अन्य बनावटीची चिप मिळत असेल तर तिच्या डेटाशीटमधील रिफ्रेशची ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण ४१६४ हा आकडा दोन्ही घराण्यांच्या अंगावर सापडतो. ४११६ चुकूनही बसवू नये. ती याच आकाराची असली तरी क्षमतेने १६ के असून तिला बारा, पाच आणि उणे पाच असे तीन दाब लागतात.

छपाई फार ताजी आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा असेल तर ती चिप पुसून पुन्हा छापलेली असू शकते. असा माल मी इतका हाताळला आहे, की आता आधी बोट फिरवतो आणि मग क्रमांक वाचतो. बोर्डावरील चिप काढताना ती वाचवण्याचा हट्ट धरू नये. पाय कापून एकेक ओढून काढावा, म्हणजे बोर्डाची तांब्याची पट्टी उखडत नाही, आणि त्या जागी सॉकेट बसवावे.

एडिसनकर (न्यू जर्सी)

झेड-८० च्या बाराव्या पिनेचा माग टीएमएस चिपेपाशीच संपला. चिप मुळात निर्दोष आहे हे कळल्यावर पाय कापण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून संध्याकाळभर खपून ती अखंड काढली. एक पट्टी किंचित उचलली गेली, ती बारीक तारेने जोडली. सॉकेटमध्ये एमबी ८२६४-१५ बसवून काल चार तास मजकूर तसाच ठेवला होता. मोकळ्या जागा मोकळ्याच राहिल्या. काढलेली चिप येथील एका मित्राच्या आयबीएम ५१५५ या संगणकासाठी देऊन टाकली आहे.