कांदळवन लागवड: तीन जागा, २००० रोपं, कुठे लावायची?

खाडीपोर
राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना, ४० मुलंमुली. हवामान बदलावर पोस्टर आणि प्रभातफेऱ्या पुष्कळ झाल्या. आता २६ जुलैला, कांदळवन दिनी, २००० रोपं लावायची ठरलंय. जागा तीन. पहिली, धक्क्याच्या अलीकडचा उघडा चिखल, ओहोटीला बायका तिथे तिसऱ्या काढतात. दुसरी, बांध फुटून पडीक राहिलेलं साधारण २ एकर खाजण (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन). तिसरी, गावाबाहेरची पुळण. कोणती घ्यावी? जात कोणती? रोपं विकत घ्यायची की बिया गोळा करायच्या? परवानगी कोणाची? खर्चाला १५ हजार आहेत. आत्ता मार्च आहे, म्हणजे वेळ आहे असं धरतोय.

पाणपातळी
पुळण आधी खोडून टाका. लाटा आपटतात त्या वाळूत कांदळवन टिकत नाही. तिथे मर्यादवेल आणि केवडा, मागच्या बाजूला उंडी, करंज.

धक्क्याजवळचा चिखलही नको. अशा कार्यक्रमांत सगळ्यात जास्त रोपं याच जागी मरतात, कारण जागा मोकळी, रस्त्याजवळ आणि फोटोला छान असते. पण ती मोकळी का आहे? शेजारी तिवरांची (कांदळवनातली एक जात) झाडं असून, दर पावसाळ्यात बिया वाहून येत असूनही तिथे एक रोप उभं नाही, म्हणजे बहुतेक जागा खोल आहे. कांदळवन साधारणपणे भरती-ओहोटीच्या टप्प्याच्या वरच्या अर्ध्या भागातच वाढतं. ढोबळ हिशेब असा की दिवसातले ७ तासांहून जास्त वेळ पाण्याखाली जाणारी जागा सोडायची. शिवाय तिसऱ्यांचा चिखल हे कोणाचं तरी रोजचं कालवण आहे, आणि पाखरांच्या चरण्याची जागाही.

पातळी तपासायला यंत्र लागत नाही. भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या १०-१५ मिनिटांत एकाने जवळच्या, आपोआप उगवलेल्या तिवराच्या बुंध्याशी खोली मोजायची आणि दुसऱ्याने त्याच वेळी तुमच्या जागेवर. तुमच्याकडे पाणी बरंच जास्त निघालं, की विषय संपला.

उघाडी
राहिलं खाजण. तिथे रोपं न्यायच्या आधी सातबारा काढा. पडीक म्हणजे बेवारशी नव्हे. बहुतेक खाजणांवर पाच-पंचवीस सहहिस्सेदार असतात, निम्मे मुंबईत. आणि त्यांना हे स्पष्ट सांगा: एकदा कांदळवन उभं राहिलं की ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने ही बंदी खासगी जमिनीलाही लागू आहे, आणि कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखावा लागतो. उद्या कोणाला बांध दुरुस्त करून खाऱ्या जमिनीतला भात परत घ्यायचा असेल, तर तुमची हिरवाई त्याच्या मुळावर येईल. लेखी संमती मिळाली तरच पुढे जा. शेजारी कोणी अजून शेती करत असेल तर त्यालाही विचारा. मग गट क्रमांक आणि हाताने काढलेला नकाशा जोडून वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करा, ग्रामपंचायतीला प्रत द्या. सरकारी जागा असेल तर हा अर्ज टाळताच येत नाही.

दुसरा प्रश्न: बांध फुटलाय, खारं पाणी आत येतंय, तरी झाडं का आली नाहीत? बहुतेक वेळा खांडच (बांध फुटल्याची जागा) अरुंद किंवा उंच असतं. पाणी आत येतं पण पुरतं बाहेर जात नाही, डबकं साचतं. उन्हाळ्यात ते आटून मीठ चढतं. आत्ता मार्च ते मे या काळात जमिनीवर पांढरा थर दिसला, तर तिथे कांदळाची (ही दुसरी जात) शेंग, म्हणजे झाडावरच अंकुरलेलं लांब रोप, लावणं म्हणजे तिला मिठात घालणं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, डबक्यात त्याच्या दुप्पटही होतं. तिवर बरंच सोसतं, कांदळ नाही.

तपासणी अशी करा. दोन उंच काठ्या घ्या, एक बांधाच्या आत, एक बाहेर. दर १० सेंटीमीटरला औषधाची रिकामी बाटली उघड्या तोंडाने बांधा. दोन्ही काठ्यांचा शून्य एकाच पातळीत हवा, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी बांधावरून टाकून खुणा करा. उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेची मोठी) भरती गेल्यावर बघा, सगळ्यात वर भरलेली बाटली म्हणजे त्या भरतीची रेषा. आतली रेषा बाहेरच्यापेक्षा खाली असेल तर खांड पाणी अडवतंय. मग खरं काम म्हणजे जुना व्हाळ (ओहोळ) गाळ काढून मोकळा करणं. पाणी नीट खेळलं की दोन पावसाळ्यांत तिवर आपोआप शिरतं. फक्त बांध किंवा उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) स्वतःहून फोडू नका, खारभूमी विभागाची योजना असेल तर त्यांची मंजुरी लागते.

खाडीपोर
मालक दोनच घरं आहेत, तोंडी हो म्हणालेत. पण मग २००० रोपांचं काय? बॅनर छापून झालाय!

शेंगवाला
बॅनरवर आकडा झाकायला कागद चिकटवा. २ एकर म्हणजे साधारण ८१०० चौरस मीटर. २ बाय २ मीटरवर लावलं तर २००० रोपांनी सगळी जागा भरते, आपोआप येणाऱ्याला जागाच उरत नाही. पहिल्या वर्षी ३००, तीही पाणी नीट ये-जा करतं तिथेच.

विकत घेऊ नका. कांदळाच्या शेंगा जून ते ऑगस्टमध्ये तयार होतात. फळ आणि शेंग यांच्या सांध्यावर पिवळसर पट्टी दिसली आणि हलक्या पिळाने शेंग सुटली तर ती पक्की. ओढावी लागली तर कच्ची, सोडून द्या. भोक पडलेली घेऊ नका. एकाच झाडावर तुटून न पडता २०-२५ झाडांवरून थोड्या थोड्या घ्या. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा आणि आठवड्याच्या आत लावा. काठीने भोक पाडून शेंगेचं जाड, टोकदार टोक खाली घालून ७-८ सेंटीमीटर रोवायचं. दाबून घुसवलं तर मुळाचं टोक चेपतं. फळ सुटलं ते टोक वर, तिथून पानं फुटतात. घाईत दहातल्या दोन उलट्या जातात, म्हणून प्रत्येक ओळीमागे एक तपासणारा ठेवा.

तिवराच्या बिया पावसाळ्यात पडतात. रात्रभर पाण्यात ठेवल्या की साल सुटतं. पुरायच्या नाहीत, चिखलावर नुसत्या टेकवायच्या. उघड्यावर पुढच्या भरतीत वाहून जातात, म्हणून ५ बाय ८ इंची पिशवीत खाडीचा चिखल भरून, भरती पोचेल अशा कडेला वाफा करा. वीतभर झाली की पुढच्या पावसाळ्यात लावा. पिशव्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष असला तरी बी बारीक आणि नाजूक, पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

वेळ पंचांगात बघा. तिथीला पाऊण पटीने गुणलं की भरतीची वेळ: षष्ठी म्हणजे साडेचार, ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. नऊला उतरा, बाराला वर. खाडीत आत जाल तसा उशीर होतो, छापील कोष्टकाशी ताडून घ्या. उधाण ओसरून भांगाकडे (लहान भरतीच्या दिवसांकडे) जाताना लावलेलं टिकतं, ओढ कमी असते. २६ जुलैला उधाण असेल तर त्या दिवशी भाषण करा, लागवड चार दिवसांनी. पायात बांधता येणारे रबरी बूट हवेत, कालवांनी तळवे चिरतात.

पाणपातळी
१५ हजारांतले टी-शर्टवर घालवू नका. निम्मे पुढच्या दोन वर्षांसाठी ठेवा. ढोरं कोवळी पानं खातात, सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) उतरण्याची वाट बांबूने अडवा. तुटक्या जाळ्या रोपाला गुंडाळून आडवं करतात, दर उधाणानंतर काढाव्या लागतात. ५० रोपांना क्रमांक द्या, १, ३, ६, १२ आणि २४ महिन्यांनी मोजा. खोडावर बार्नेकल (चिकटून राहणारे कवचधारी समुद्री जीव) वरपर्यंत चढले तर खरवडत बसू नका, जागा खोल पडली समजा. आणि नवं लावताना जुनं तुडवू नका: कांदळवनातला कर्ब (कार्बन) झाडापेक्षा चिखलातच जास्त असतो.

खाडीपोर
समजलं. बाटल्या परीक्षेनंतर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लावल्या तर?

उघाडी
पावसाने सगळ्याच भरतील. एप्रिलची अमावस्या गाठा.