ग्लेझला काय म्हणाल? झिलई, काचलेप की पूट?

जपानीची विद्यार्थिनी: हातानं घडवलेल्या जपानी ताटल्यांवरचा मजकूर मराठीत आणतेय. ताटली ओरिबे पद्धतीची. एका कोपऱ्यावर गर्द हिरवं ग्लेझ, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा थर, ओघळलेलं, उरलेल्या फिकट भागावर लोहाच्या रंगानं गवताची पाती. मी लिहिलं, 'कोपऱ्यावर हिरवी झिलई ओतली आहे.' तपासणाऱ्यांनी खाली रेघ मारली. झिलई घासून आणतात, ओतत नाहीत म्हणे! आमच्या घरी तर 'बरणीची झिलई गेली' असंच म्हणायचे. काय लिहू?

शब्दवेडा: तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. झिलई म्हणजे चकाकी, तीही अरबी-फारसीतून आलेली. 'काचलेप' लिहा. भट्टीत त्याची काचच होते, शब्दातच अर्थ दिसतो.

जुनी बरणी: कल्हईसुद्धा अरबीतूनच आली, काका. तिलाही 'कथिललेप' म्हणायचं का? घरात रुळला तो शब्द आपला.

चाकावरची: मी भांडी करते. आम्ही सगळे ग्लेझच म्हणतो. झिलईची अडचण मला निराळीच वाटते. शिनो या जपानी पद्धतीची भांडी पाहा, फेल्डस्पार या खनिजाचं जाड पांढरं ग्लेझ, त्यावर बारीक छिद्रं. मऊ, मंद दिसतं. तिथे 'बिनचकाकीची झिलई' लिहिणार?

जपानीची विद्यार्थिनी: जपानी शब्द आहे 'उवागुसुरी'. उवा म्हणजे वरचं, कुसुरी म्हणजे औषध. त्यामुळे 'लेप' मला आवडू लागलाय.

वैद्यांची नात: औषधच म्हणायचं तर पूट! आजोबा भस्माला पुटं द्यायचे, रंगाचीही पुटंच चढवतात. औषध, थर आणि आग, तिन्ही एका शब्दात.

शब्दवेडा: नाही हो ताई. पुट म्हणजे द्रोण, पोकळी. करपुट, नासापुट आठवा. औषध दोन शरावांत, म्हणजे मातीच्या परळांत, बंद करून गोवऱ्यांत भाजतात, ते पुट. आजोबांचं पूट ही भाजणी होती, लेप नव्हे.

वैद्यांची नात: मग रंगाऱ्याचं पूट चुकीचं? आमच्या भिंतींवर दोन आहेत.

चाकावरची: पण पूट थरावर थर चढतं. आम्ही कच्चं भाजलेलं भांडं ताकासारख्या पातळ ग्लेझमध्ये बुचकळतो. माती पाणी पिते, पूड वर बसते. मग १२०० अंशांच्या वर भाजायचं. ओरिबेतला हिरवा तांब्याचा. भट्टीत हवा खेळती असली तर हिरवा, कोंडली तर तेच तांबं लाल होतं. कोपरा बुडवतात किंवा पळीनं ओततात, म्हणून विद्यार्थिनीताई, तुमचं 'ओतली' सोडू नका. नाम शोधा.

जपानीची विद्यार्थिनी: आभार! फुरुता ओरिबे (१५४४–१६१५) या चहागुरूंच्या नावाची ही भांडी मिनो प्रांतातली, आजच्या गिफूतली. त्यांच्या ताटलीला ओबडधोबड शब्द मला द्यायचा नाहीये.

जुनी बरणी: आमच्या लोणच्याच्या बरणीवर केसासारख्या रेषा होत्या. मी 'तडे' म्हटलं की आजी रागवायची.

चाकावरची: आजींचं खरं होतं. थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आक्रसतं, म्हणून त्या रेषा. जपानीत कान्न्यू. जपानातल्या हागी गावच्या पेल्यांत चहा त्यांतून मुरतो, वर्षानुवर्षं रंग पालटत जातो. 'हागीची सात रूपं' म्हणतात त्याला.

जपानीची विद्यार्थिनी: कान्न्यू माझ्या पुढच्याच परिच्छेदात आहे! आजी काय म्हणायच्या?

जुनी बरणी: 'जाळी धरली.'

शब्दवेडा: हा शब्द घ्याच. 'तडे' लिहिलंत तर वाचणाऱ्याला भांडं फुटलंय असं वाटेल. झिलईला मात्र माझा विरोध कायम.

जपानीची विद्यार्थिनी: मग जाळी कशानं धरली लिहू, झिलईनं, लेपानं की पुटानं?